बाटली क्रमांक दोन

दर रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास आमच्या डोंबिवलीच्या घरात एक टेस्टट्यूब हातोहात फिरते. नळीत पाच मिलिलिटर पाणी असतं आणि त्या पाण्याला तांबूस रंग आलेला असतो. तो तांबूस म्हणजे नेमका कोणता, यावर घरात मतदान होतं. शेजारी एक छापील कार्ड धरायचं असतं. कार्डावर पिवळ्यापासून सुरुवात. पिवळा म्हणजे शून्य, मग नारिंगीच्या एकदोन छटा, आणि शेवटी ४०, ८० आणि १६० असे तीन चौकोन, जे माझ्या मते तिन्ही लाल आहेत. मला जन्मापासून पाचच रंग येतात. शर्ट घ्यायला तेवढे पुरतात.

बायकोला मात्र लाल नावाचा रंगच माहीत नाही. तिच्या लेखी शेंदरी आहे, गाजरी आहे, डाळिंबी आहे, कुंकवाचा आहे, मरून आहे. ती नळी खिडकीशी नेते, ट्यूबलाइटखाली आणते, पुन्हा खिडकीशी नेते. साड्यांच्या दुकानात 'जरा उजेडात दाखवा हो' म्हणताना जसं नेते, तसंच. मग निकाल देते, "कार्डावरचा चाळीस गाजरी आहे. हा डाळिंबीकडे गेलाय. काठाला तर चक्क मरून आहे."

"म्हणजे किती?"

"ऐंशी."

आबांना कोणी विचारत नाही. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना सगळंच जरा निळसर दिसतं, आणि निळा त्या कार्डावर नाही.

तर हे सगळं नायट्रेटसाठी चालतं. आमच्या दिवाणखान्यात चार फुटी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. दगड आणि वाळू वजा जाता आत दोनशे लिटर पाणी, दोन क्लाउनफिश, एक निळी डॅमसेल, एक लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा कोळंबा आणि काही गोगलगायी. या मंडळींच्या पाण्यात नायट्रेट ८० पीपीएम होतं, म्हणजे लिटरला ८० मिलिग्रॅम. उघड्या समुद्रात वरच्या पाण्यात ते सहसा एकसुद्धा भरत नाही.

चाचणीत एक गोम आहे. दोन बाटल्यांतले दहा-दहा थेंब नळीत टाकायचे. पैकी बाटली क्रमांक दोनमधली पूड तळाशी बसते, म्हणून ती आधी अर्धा मिनिट जोरजोरात हलवायची. न हलवता थेंब टाकले तर आकडा खोटाच कमी येतो. पहिले दोन महिने मी बाटली हलवत नव्हतो. त्या दोन महिन्यांत आमचं पाणी अतिशय उत्तम होतं.

टाकी आली ती आबांमुळेच. लहानपणी ते मला मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात घेऊन गेले होते. १९५१ सालचं ते मत्स्यालय. काचेला नाक लावून मी तिथे इतका वेळ उभा होतो की काचेवरचं माझं नाक आबांना रुमालाने पुसावं लागलं. त्यानंतर पस्तीस वर्षांनी मी गृहकर्जाचे हप्ते चालू असताना टाकी घेतली. घेताना दुकानदाराने सांगितलं, "काही नाही साहेब, एकदा लावली की बघायचं नाही." त्याच्या बोलण्यातलं 'बघायचं नाही' एवढंच खरं निघालं, कारण सहा महिन्यांत काचेवर आणि दगडावर केसाळ हिरवं शेवाळ असं वाढलं की आत बघता येईना.

त्याआधी मालवणहून आईची काकू आली होती. आम्ही तिला मालवणची आजी म्हणतो. ती चष्मा सारखा करत टाकीपुढे बसली. तिने एकेक मासा नजरेने तोलला. मग कोळंब्यावर बोट ठेवून म्हणाली, "सुंगट एकच? एका सुंगटाचा काय करूचा?"

हे खायचे नाहीत, असं मी सांगितलं.

"खाऊचो नाय तर पोसतस कित्याक?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. ते आजही नाही. तिने पुढे मिठाची बादली, खालचे पंप, वरचा दिवा, मागचा चिलर हे सगळं पाहिलं आणि आईला स्वयंपाकघरात नेऊन हळू आवाजात विचारलं, की जावयाचा पगार किती म्हणालीस? मी जावई नाही, मुलगा आहे. पण अशा गोष्टी जावईच करत असणार, असा तिचा समज झाला असावा.

नायट्रेट येतं कुठून, हे मी आबांना समजावलं तेव्हा त्यांना ते एका मिनिटात कळलं. आबा राज्य उत्पादन शुल्क खात्यात छत्तीस वर्षं काढून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. त्यांना जगातली कुठलीही गोष्ट फाइल म्हणून सांगितली की कळते. मासा खातो, आणि खाल्लेल्या प्रथिनातला नको असलेला नत्र कल्ल्यांवाटे अमोनिया करून पाण्यात सोडतो. न खाल्लेलं खाद्य कुजतं, त्याचाही अमोनिया होतो. अमोनिया जहाल विष. पहिल्या टेबलावरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषच. दुसऱ्या टेबलावरचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे त्या मानाने सौम्य. मासे लगेच मरत नाहीत, म्हणून तर माणूस गाफील राहतो. पण फाइल इथे थांबते. पुढे ती जात नाही.

"तिसरं टेबल?" आबांनी विचारलं.

"आहे. पण तिथले जिवाणू प्राणवायू नसेल तिथेच हे काम करतात. दगडाच्या पोटात, वाळूच्या खोल थरात. तिथे ते नायट्रेट फोडून त्याचा नत्रवायू करतात आणि तो हवेत जातो. आपल्याकडे दगड थोडे, वाळू बोटभर."

"म्हणजे पद मंजूर आहे, माणूस भरलेला नाही." आबा म्हणाले. "आणि काम बंद खोलीतच होतं."

ते हसले नाहीत. मीही हसलो नाही. छत्तीस वर्षांची नोकरी होती.

टाकीच्या खालच्या कपाटात आणखी एक छोटी टाकी असते. वरचं पाणी तिथे उतरतं, गाळलं जातं आणि पंपाने परत वर चढतं. तिला 'संप' म्हणतात. मी फोनवर कोणाला तरी 'संपातलं पाणी बघावं लागेल' म्हणालो, तर आबा पेपर बाजूला ठेवून उठून आले. त्यांनी १९७७ सालचा राज्य कर्मचाऱ्यांचा चोपन्न दिवसांचा संप स्वतः केला आहे. "मागण्या काय आहेत?" असं त्यांनी विचारलं. पुढे हा घरातला नेहमीचा विनोद झाला, पण एक खरं, की संपातला स्पंज मी चार महिने धुतला नव्हता. त्यात अडकलेला गाळ तिथेच कुजत होता आणि प्रत्येक थेंब त्यातूनच फिरत होता. धुतला तेव्हा बादलीतल्या पाण्याचा रंग आणि दाटपणा पाहून कामाच्या ताईंनी विचारलं, "हे मटणाचं आहे का हो?"

स्पंज धुऊन आकडा हलला नाही. मग पाणी बदलणं. हा उपाय सगळे सांगतात आणि तो खराच आहे. दर रविवारी मी पाचवा हिस्सा, म्हणजे चाळीस लिटर पाणी काढून तेवढंच नवं खारं पाणी घालायला लागलो. लिटरला पस्तीस ग्रॅम या हिशेबाने चाळीस लिटरला एक किलो चारशे ग्रॅम मीठ. हे मीठ आमटीत घालायचं नव्हे. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे समुद्रातल्या प्रमाणात मिसळलेलं असतं आणि ते किराणा दुकानात मिळत नाही.

आबांना हा खर्च पाहवेना. "अरे, एवढा समुद्र आहे. दादरला उतर, दोन कॅन भरून आण."

मी सांगितलं, की मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात शहराचं सांडपाणी मिसळतं. नायट्रेट काढायला तिथलं पाणी आणायचं, म्हणजे कर्ज फेडायला सावकाराकडे जाणं. शिवाय दोन कॅन समुद्र घेऊन संध्याकाळी सहाच्या डोंबिवली लोकलमध्ये चढणं, ते वेगळंच.

"मग मी रोज सकाळी तांब्याभर पाणी घालतो, ते काय फुकट?" आबा म्हणाले.

घालत होते खरे. टाकीतलं पाणी उडून कमी होतं, ते आबा सकाळी फिरून आल्यावर भरत. पण उडतं ते निव्वळ पाणी; मीठ मागे राहतं, नायट्रेटही मागे राहतं. कढी आटली की खारट होते, तसं. तांब्याभर पाण्याने कढी पूर्वीइतकी पातळ होईल, तिच्यातलं मीठ काही कमी होणार नाही. हे उदाहरण मी आईसमोर द्यायला नको होतं. आईने एवढंच विचारलं, "कालची कढी खारट होती का?"

आता हिशेब बघा. ऐंशीतला पाचवा हिस्सा गेला की चौसष्ट. पुढच्या रविवारी एक्कावन्न. मग एक्केचाळीस, मग तेहतीस. महिन्याभरात डाळिंबीचं गाजरी व्हायला हवं होतं. मी चार रविवार कंबर मोडून चाळीस-चाळीस लिटर उपसलं. चौथ्या शनिवारी रात्री, मुद्दाम पाणी बदलायच्या आधी, नळी भरली. बाटली क्रमांक दोन अर्ध्याच्या जागी चांगलं दीड मिनिट हलवली. पाच मिनिटं थांबलो. नळी बायकोकडे दिली.

"ऐंशी," ती म्हणाली. "पण या वेळेला पोत चांगला आहे."

मग मी नळाच्या पाण्याचीच परीक्षा केली. आमच्या सोसायटीत महापालिकेचं पाणी, बोअरचं पाणी आणि मे महिन्यात टँकरचं पाणी एकाच टाकीत गुण्यागोविंदाने राहतात. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं. म्हणजे माणसाने निर्धास्त प्यावं असं पाणीसुद्धा या मंडळींना नासकं. आमच्या नळाचा रंग नारिंगी आला, दहाच्या आसपास. बायको म्हणाली, "केशरी." मग खास माशांसाठी आरओचं यंत्र आलं. घरातली माणसं अजून नळाचंच गाळून पितात. यंत्रातून जे टाकाऊ पाणी निघतं ते आई बादलीत धरते आणि त्याने फरशी पुसून घेते. ते पाणी संपवायचं म्हणून आमची फरशी दिवसातून दोनदा पुसली जाते. माशांमुळे घरात आलेली स्वच्छता ती हीच.

तरी ऐंशी. आता दहाचा हातभार बंद झाला होता, म्हणजे आकडा थोडा तरी उतरायला हवा होता. कदाचित तो उतरलाही असेल. ऐंशी आणि बहात्तर यांच्यातला फरक कुठल्याही साडीत सापडत नाही.

मग मी व्होडकाकडे वळलो.

हे वाक्य मी घरात जसंच्या तसं बोललो आणि मग ते दुरुस्त करायला अर्धा तास गेला. गोष्ट अशी, की पाण्यातल्या काही जिवाणूंना वाढायला कार्बन, नत्र आणि फॉस्फरस लागतो. टाकीत नत्र आणि फॉस्फरस मुबलक, कार्बन कमी. १९३४ साली आल्फ्रेड रेडफील्ड नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवलं, की समुद्रातल्या सूक्ष्म जिवांत ही तीन मूलद्रव्यं ठरावीक प्रमाणात असतात. पुढे ते १०६ कार्बनला १६ नत्र आणि १ फॉस्फरस असं रूढ झालं. तर पाण्यात थोडा मद्यार्क टाकला, की जिवाणूंना कार्बन मिळतो, ते भराभर वाढतात, वाढताना नायट्रेट खातात, आणि मग स्किमर नावाचं फेस काढणारं यंत्र त्या जिवाणूंना फेसाबरोबर बाहेर काढतं. जगभरचे हौशी लोक हे करतात. मद्यार्क म्हणून व्होडका वापरतात, कारण तिच्यात रंग, साखर, वास यांची भानगड नसते.

"माशांना दारू," आई म्हणाली. तिने प्रश्न विचारला नव्हता.

"माशांना नाही गं, जिवाणूंना."

"जिवाणूंच्या संगतीत कोण आहे? मासेच ना?"

आबांची हरकत वेगळी होती. ती कायदेशीर होती. त्यांनी आरामखुर्चीतल्या आरामखुर्चीत १९४९ चा दारूबंदी कायदा उघडला. महाराष्ट्रात विदेशी मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, हे लोक विसरून गेलेत. आबा विसरलेले नाहीत. परवाना दिला जातो तो परवानाधारकाच्या आरोग्याच्या जतनासाठी. "आता मला सांग," आबा म्हणाले, "कोणाचं आरोग्य? परवाना तुझ्या नावावर आणि प्राशन करणार ते. हे बसत नाही. आणि कडक मद्याला वयाची पंचवीस वर्षं पूर्ण लागतात. यांचं वय काय?"

"दीड वर्ष."

"झालं मग."

मी परवाना काढला. दुकानात गेलो. आमच्या घराण्यात त्या दुकानाची पायरी चढणारा मी पहिला, आणि तोही संध्याकाळी साडेसातला, कोपऱ्यावरच्या दत्तमंदिरात आरती चालू असताना. काउंटरवरच्या माणसाने "क्वार्टर का हाफ?" असं विचारलं. मी म्हणालो, की शंभर लिटरला दिवसाला एक दशांश मिलिलिटर लागणार आहे, म्हणजे मला दोन दशांश. तर किती घेऊ? तो माणूस माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. असं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नसावं. मग त्याने क्वार्टर पुढे सरकवली आणि म्हणाला, "सावकाश कमी करा साहेब. एकदम सोडू नका."

सुरुवात थेंबांनी करायची आणि आठवड्या-आठवड्याने मात्रा वाढवायची, हा नियम. चुकून मात्रा जास्त गेली तर पाण्यात जिवाणूंचं पेव फुटतं आणि ते प्राणवायू ओढून घेतात. मला हे ठाऊक होतं. पण दहा दिवस झाले, ऐंशी तिथेच, आणि बाटलीवर लिहिलं होतं ४२.८ टक्के. माणूस असा विचार करतो, की एवढी टक्केवारी असलेली गोष्ट एवढी थोडी टाकून कशी चालेल? मी तिप्पट टाकली. सलग दोन दिवस.

तिसऱ्या रात्री अडीच वाजता बायकोने मला हलवून उठवलं. टाकीत दूध झालं होतं. दिवा लावला तर मासे दिसेनात, नुसता पांढरा उजेड. मग एकेक तोंड पृष्ठभागाशी आलं. दोघे क्लाउनफिश वर तोंड करून, धापा टाकत. मी हवेचा पंप शोधला, तो माळ्यावर गणपतीच्या मखराखाली होता. मखर खाली, पंप खाली, नळी जोडली, बुडबुडे सुरू. मी आणि बायको आणि आई अशा तिघांनी रात्री तीन वाजता पाणी ओंजळीने वर घेऊन परत ओतलं, हवा मिसळावी म्हणून. आबा दारात उभे राहिले. त्यांनी चष्मा लावला. त्यांना सगळं निळसर दिसत असणार.

"चढली त्यांना," ते म्हणाले आणि झोपायला गेले.

सगळे जगले. पाणी दोन दिवसांत निवळलं. स्किमरच्या वाटीत काळपट, दाट, ओशट द्रव जमला. त्याच्या वासाबद्दल मी एवढंच सांगेन, की आम्ही सुकट, जवळा, बोंबील सगळं खाणारी माणसं आहोत, तरी खालच्या मजल्यावरून निरोप आला. उरलेली व्होडका कपाटात आहे. पाहुण्यांना तिची गोष्ट सांगितली, की ते घेत नाहीत.

यानंतर मी हिंसेचा मार्ग सोडला आणि शेती सुरू केली. कीटोमॉर्फा म्हणून एक समुद्री शेवाळ असतं. दिसायला हुबेहूब भांडी घासायची हिरवी नायलॉनची घासणी. ते संपात ठेवायचं, वर छोटा दिवा लावायचा, तोही रात्री. वरच्या टाकीतला दिवा मालवला की खालचा सुरू. ते नायट्रेट पिऊन वाढतं. दुपटीने वाढलं की अर्धं तोडून फेकायचं, त्याच्याबरोबर नायट्रेटही घराबाहेर. एवढा सरळ व्यवहार मी दुसरा पाहिला नाही. प्रवाळ ठेवायचा विचार माझ्या मनात आलाच नाही. आपल्याकडे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्यात वाघाच्या पंक्तीला आहे, आणि आबांच्या देखत मी वाघ पाळू शकत नाही. घासणीवर मात्र कोणाची हरकत नव्हती. फक्त पहिला गुच्छ कामाच्या ताईंनी खरोखरच कढईला लावला. कढई छान निघाली, असं त्या म्हणाल्या.

घासणीही वाढत होती. शेवाळ तोडत होतो, पाणी बदलत होतो, स्किमर चालू, आरओ चालू, स्पंज धुतलेला. आणि आकडा ऐंशीच्या आसपासच. एवढ्या वाटांनी बाहेर जातंय, तर आत येतंय कुठून?

याचा उलगडा खाद्याच्या डबीने केला. डबी पन्नास ग्रॅमची. मी आणली ती गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, हे आठवायचं कारण पावती मोदकाच्या साच्यात सापडली. डबी संपली त्या दिवशी मोजलं, तर पंचवीस दिवस झाले होते. म्हणजे दिवसाला दोन ग्रॅम. मी स्वतः रात्री जेवणानंतर एक चिमूट टाकतो. माझी चिमूट मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजली, ती पाव ग्रॅमच्या आतच भरली.

मग मी घरात चौकशी सुरू केली, सहज गप्पा मारतोय असं दाखवून.

आबा सकाळी सहाला फिरून आल्यावर पाणी भरतात, तेव्हा थोडं घालतात. "रात्रभर उपाशी असतात रे." बायको डबा भरताना घालते, "सगळ्यांचं करतेय तर त्यांचंही." मुलगी शाळेत जाताना घालते, कारण ते तिच्याकडे 'बाय' करायला येतात. कामाच्या ताई अकरा वाजता काच पुसतात. "माझ्याकडे बघतच राहतात बिचारे. दोन दाणे टाकले की जीव निवतो." आई दिवेलागणीला देवापुढे दिवा लावते आणि मग तिथेच, त्याच हाताने. कोणाला कोणाचं ठाऊक नव्हतं. प्रत्येकाची खात्री, की या घरात माशांकडे लक्ष देणारं आपण एकटंच.

आणि मासे असे, की कोणीही काचेसमोर गेलं की तिघेही धावत येऊन तोंड उघडझाप करतात. सकाळपासून सहाव्यांदा जेवत असले तरी चेहऱ्यावर दुष्काळ.

मी कागद-पेन्सिल घेतली. खाद्यात निम्मं प्रथिन. प्रथिनात सोळा टक्के नत्र. त्या नत्राचं नायट्रेट झालं की वजन चारपूर्णांक चार पटींच्या वर जातं. म्हणजे एक ग्रॅम खाद्याचं फार फार तर पस्तीस शतांश ग्रॅम नायट्रेट. दोनशे लिटरमध्ये पावणेदोन पीपीएम. दिवसाला दोन ग्रॅम, म्हणजे साडेतीन. आठवड्याला साडेचोवीस. काही माशांच्या अंगी लागतं, काही फेसात जातं. दोनतृतीयांश उरलं असं धरलं तर आठवड्याला सोळा.

आणि ऐंशीचा पाचवा हिस्सा किती? सोळा.

मी बराच वेळ त्या कागदाकडे पाहत बसलो. रविवारी मी एकटा सोळा उपसत होतो आणि शनिवार रात्रीपर्यंत पाच माणसं मोठ्या प्रेमाने ते सोळा परत भरत होती. आमच्या गृहकर्जाच्या पहिल्या वर्षाचं पत्रक आलं होतं तेव्हाही मी असाच बसलो होतो.

दोष कोणाला द्यायचा? आमच्या घरात पाहुणा 'नको, पोट भरलं' म्हणाला, की त्याच्या पानात अर्धी पोळी पडते. कारण 'नको' म्हणजे 'घाला' हे वाढणाऱ्याला ठाऊक असतं. ज्या घरात 'नको' म्हणणाऱ्याला सोडत नाहीत, तिथे नुसतं तोंड उघडझाप करणाऱ्याचं काय होणार?

आबांनी सूत्रं हाती घेतली. खाद्याची डबी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली आईच्या केसांच्या पिनेला नव्हे तर आबांच्या जानव्याला. एक वही आखली. रकाने: तारीख, वेळ, वजन, देणाऱ्याची सही, शेरा. दिवसाला एकदाच, अर्धा ग्रॅम, काट्यावर मोजून. आठवड्यातून एक दिवस निराहार. मोठ्या माशांना त्याने काही होत नाही. तो दिवस कोणता, यावर पुन्हा बैठक झाली. आई म्हणाली सोमवार, आणि दोन्ही एकादश्या. माशांना शंकर आणि विठ्ठल दोघेही सांभाळावे लागले.

पहिल्या आठवड्यात घरात सुतक असल्यासारखं वाटत होतं. ताई काच पुसताना पाठ फिरवून पुसायच्या. मुलीने वहीच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'रडत आहेत.' आबांनी खाली लिहिलं, 'पुरावा जोडावा.'

पण आकडा उतरला. दर रविवारी थोडा थोडा. आठव्या रविवारी बायकोने नळी खिडकीशी नेली आणि ती तिथेच थांबली. "अहो आई, बघा जरा," तिने हाक मारली, "गाजरीसुद्धा नाही. जुन्या पैठणीचा नारिंगी आहे ना, तुमच्या लग्नातली, तो." दहाव्या रविवारी वीस-पंचवीस. काचेवरचं केसाळ शेवाळ पिवळं पडून सुटायला लागलं, आणि दगडामागे गोगलगायी चार नसून अकरा आहेत, हे वर्षाने कळलं.

दोघा क्लाउनफिशांतला थोरला आता चांगलाच दांडगा दिसतो. थोरला म्हणजे थोरली. या जातीत सगळे नर म्हणून जन्मतात आणि घरात जो सगळ्यांवर गाजवतो तो मादी होतो. हे मी जेवताना सांगितलं तेव्हा कोणालाच नवल वाटलं नाही. आबांनी ताक वाढून घेतलं.

काल आषाढी एकादशी झाली. आज सकाळी मी संपातली गाळण्याची पिशवी धुवायला काढली. उलटी केली तर हातावर एक पांढरा, फुगलेला, टपोरा दाणा पडला. पाठोपाठ दुसरा. तिसरा अर्धा होता, कोणीतरी चघळून सोडलेला. मी तसाच ओल्या हाताने वहीकडे गेलो. आबांच्या वळणदार अक्षरात कालची नोंद होती: 'आषाढी. निराहार.' तिच्याखाली शिसपेन्सिलीने, थरथरत्या अक्षरात: 'फराळ. थोडासाच.' वजनाच्या रकान्यात 'चिमूट', आणि पुढे आईची सही. सहीखाली आबांनी लाल शाईत बरोबरची खूण केली होती, कारण नोंद नियमानुसार होती.

मी रागावणार होतो, पण आधी शांतपणे विचार केला. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. पिष्ट म्हणजे कार्बन. म्हणजे मी परवाना काढून, आरती चालू असताना दुकानाची पायरी चढून जे केलं, तेच आईने खिचडीच्या कढईतून केलं. आणि याला वयाची अट नाही.

"आई," मी विचारलं, "खिचडीत दाण्याचं कूट घातलं होतंस?"

"असं काय विचारतोस? कुटाशिवाय खिचडी करतात का?"

कूट म्हणजे शेंगदाणे. शेंगदाणे म्हणजे प्रथिन. मी नळीत पाच मिलिलिटर पाणी भरलं, बाटली क्रमांक दोन हातात घेतली आणि हलवायला सुरुवात केली.